महापौरांच्या आसनाजवळ कोण बसतं? नगरसचिवांचं काम, सोप्या भाषेत

15 जानेवारी 2026 ला राज्यातल्या 29 महापालिकांसाठी मतदान झालं. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मार्च 2022 पासून लोकांनी निवडलेलं सभागृहच नव्हतं. नवी मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये तर 2020 पासून नव्हतं. इतक्या वर्षांनी नगरसेवक निवडून आले, महापौर कोण होणार याच्या बातम्या सुरू झाल्या आणि त्या बातम्यांत एक शब्द पुन्हा पुन्हा दिसू लागला: ‘उमेदवारी अर्ज नगरसचिवांकडे दाखल’, ‘नगरसचिवांनी सभेची सूचना काढली’, ‘नगरसचिवांनी निकालाची नोंद घेतली’.

आमच्या शेजारच्या काकूंनी पेपर खाली ठेवून विचारलं, “हे नगरसचिव म्हणजे नगरसेवकांचे सेक्रेटरी का रे?” प्रश्न साधा आहे. नगरसेवक आपल्याला माहीत असतात, आयुक्त माहीत असतात. पाणी आलं नाही की कोणाला फोन करायचा हेही माहीत असतं. पण ज्या कार्यालयातून गेल्याशिवाय शहराचा एकही मोठा निर्णय पक्का होत नाही, त्या कार्यालयाची पाटी फार थोड्यांनी वाचलेली असते. हा लेख त्या पाटीबद्दल आहे.

आधी महापालिका म्हणजे कोण कोण, ते पाहू

महापालिका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इमारत येते. कायद्याच्या नजरेत मात्र त्या इमारतीत वेगवेगळ्या सत्ता एकत्र नांदतात. पहिली सभागृहाची, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची मिळून. पुण्यात त्याला मुख्य सभा म्हणतात, काही शहरांत महासभा, काही ठिकाणी सर्वसाधारण सभा. दुसरी स्थायी समितीची. ही मुंबईबाहेर सोळा सदस्यांची, पैशाचे व्यवहार आणि निविदा पाहणारी. तिसरी आयुक्तांची. त्यांना राज्य सरकार नेमतं आणि ठरलेल्या गोष्टी अमलात आणायची जबाबदारी त्यांची. मुंबईसाठी हे सगळं 1888 च्या कायद्यात लिहिलं आहे, बाकीच्या महापालिकांसाठी 1949 च्या कायद्यात.

आता अडचण अशी की सभागृह ही काही एक व्यक्ती नाही. पुण्यात 165 नगरसेवक, मुंबईत 227. एवढ्या माणसांनी मिळून ‘ठरवलं’ म्हणजे नेमकं काय ठरवलं? कोणत्या तारखेला, किती जण हजर असताना, कोणत्या शब्दांत? उद्या कोर्टात कोणी विचारलं तर दाखवायचं काय?

याचं उत्तर सांभाळणारा अधिकारी म्हणजे नगरसचिव. 1949 च्या कायद्याप्रमाणे हे सभागृहाचे आणि स्थायी समितीचे सचिव असतात आणि दोन्हींच्या कामकाजाची सगळी कागदपत्रं त्यांच्या ताब्यात असतात. मुंबईत याच पदाला चिटणीस म्हणतात. शब्द आपल्या ओळखीचा आहे, बाळाजी आवजी हे शिवछत्रपतींचे चिटणीस होते. लिहिण्याचं काम विश्वासाच्या माणसाकडे द्यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

लग्नाची याद आठवा

लग्न जमताना बैठक बसते. दोन्हीकडची वीस-पंचवीस माणसं, सगळी एकाच वेळी बोलणारी. हॉल कोणी घ्यायचा, जेवणाचा खर्च कसा वाटायचा, मानपान काय, तारीख कोणती. चहा होतो, वाद होतात, एखादे मामा रुसतात, मग समजूत निघते. शेवटी घरातलं एक शांत, अक्षर बरं असलेलं माणूस कागद घेऊन बसतं आणि याद लिहितं. दोन्हीकडचे सही करतात. तीन महिन्यांनी कोणी म्हणालं, “आम्ही असं कधी बोललोच नव्हतो”, तर याद काढून दाखवतात.

त्या बैठकीत याद लिहिणाऱ्याचं मत कोणी विचारत नाही. जेवण कोणी द्यायचं हे ते माणूस ठरवत नाही. पण त्यानं एक ओळ गाळली किंवा ‘निम्मा खर्च’च्या जागी ‘खर्च’ एवढंच लिहिलं, तर भांडण ठरलेलं. नगरसचिवांचं काम शहराच्या पातळीवर हेच आहे. फरक इतकाच की इथं याद चुकली तर कोट्यवधींची कामं अडकतात, जमिनीची आरक्षणं वादात पडतात आणि प्रकरण मंत्रालयात किंवा हायकोर्टात जातं.

एका प्रस्तावाचा प्रवास

समजा, तुमच्या भागातल्या एका रस्त्याची रुंदी वाढवायची आहे. पथ विभाग प्रस्ताव तयार करतो, आयुक्तांच्या सहीनं तो नगरसचिव कार्यालयात येतो. तिथं त्याला विषय क्रमांक मिळतो. विषय क्रमांक मिळाला की तो प्रस्ताव सभागृहाच्या दप्तरात आला. त्याआधी तो विभागातली एक फाईल असतो.

मग नगरसचिव सभेची विषयपत्रिका काढतात, काही ठिकाणी तिला कार्यपत्रिका म्हणतात. सभागृहाची सभा दर महिन्याला किमान एकदा व्हायला हवी आणि नेहमीच्या सभेची सूचना सात पूर्ण दिवस आधी नगरसेवकांच्या हाती पडायला हवी, असा कायद्याचा दंडक आहे. यात तारखांचा खेळ फार मोलाचा. सूचना एक दिवस उशिरा निघाली तर त्या सभेतल्या निर्णयांना कोणीही आव्हान देऊ शकतं. म्हणून विषयपत्रिका छापून किंवा ईमेलनं घरोघर पोचेपर्यंत या कार्यालयातले दिवे रात्री उशिरापर्यंत चालू असतात.

सभेच्या दिवशी मानदंड, म्हणजे सभागृहाच्या अधिकाराची खूण असलेला दंड, आणला जातो, महापौर आसनावर बसतात, राष्ट्रगीत होतं. नगरसचिव विषय क्रमांक आणि विषय वाचतात. कोणी विषय मंजूर करण्याची सूचना मांडतं, कोणी अनुमोदन देतं. प्रस्तावात बदल हवा असेल तर उपसूचना येते. आणि नगरसचिवांची खरी कसोटी लागते ती इथंच. सभागृहात गदारोळ चालू आहे, समोरच्या मोकळ्या जागेत पंधरा-वीस नगरसेवक जमलेत, कोणी मानदंडाकडे धावतंय, आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडतं, “उपसूचनेसह मंजूर!” नेमकी कोणती उपसूचना? ती लेखी दिली होती का? तिच्यावर सूचक-अनुमोदकांच्या सह्या आहेत का? ती मूळ विषयाशी संबंधित आहे का? हे सगळं त्या गोंगाटात पाहायचं आणि महापौरांच्या कानाशी नियम सांगायचा.

विषयपत्रिकेत नसलेले, सभेच्या दिवशीच येणारे विषय तुम्ही ऐकले असतील. त्यांना ऐनवेळचे विषय म्हणतात. पूर आला, साथ आली, तर ते लागतातच. पण जमिनीचा किंवा ठेक्याचा विषय ऐनवेळी आला की माझ्यासारख्या नागरिकाच्या मनात शंका येते. अशा विषयांवर कायद्यानं बंधनं घातली आहेत आणि ती बंधनं आठवून द्यायचं काम पुन्हा नगरसचिवांचंच.

शेवटी विषय मंजूर होतो, फेटाळला जातो, तहकूब होतो, विभागाकडे परत जातो किंवा दप्तरी दाखल होतो. ‘दप्तरी दाखल’ याचा अर्थ नीट लक्षात ठेवा: विषय बंद, यावर आता काही करायचं नाही. मंजूर झाला तर त्याचा ठराव होतो, त्याला ठराव क्रमांक मिळतो, नगरसचिवांच्या सहीनं ठरावाची प्रत विभागाकडे जाते आणि मग पथ विभागाला हात-पाय हलवता येतात.

इतिवृत्त म्हणजे नेमकं काय

सभेत काय घडलं याच्या अधिकृत नोंदीला इतिवृत्त म्हणतात. कोण हजर होतं त्यांची नावं, कोणता विषय, कोणी मांडला, काय ठरलं. कायदा सांगतो की ही नोंद नगरसचिवांनी एका पुस्तकात ठेवायची आणि पुढच्या सभेत अध्यक्षस्थानी असलेल्यांनी तिच्यावर सही करायची. विषयपत्रिकेच्या सुरुवातीला बहुतेक वेळा ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’ हे वाक्य दिसतं. वाचायला ते कंटाळवाणं वाटतं, पण नोंदीत काही चुकलं असेल तर नगरसेवकांनी उभं राहून सांगायची वेळ तीच असते. ती निघून गेली की लिहिलेलं पक्कं.

मतदानाचा प्रसंग आला आणि कोणी पोल मागितला, म्हणजे नावानिशी मतमोजणी मागितली, तर बाजूनं कोण आणि विरोधात कोण यांची नावं इतिवृत्तात लिहावी लागतात. मला ही या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत सुंदर तरतूद वाटते. हात वर करून गर्दीत मिसळून जाता येतं, पण नाव लिहिलं गेलं की ते कायमचं.

जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला. हा पैसा शिक्षणावर खर्च करावा, असं म्हणत जोतीरावांनी विरोध केला. बाकी सभासद एका बाजूला, ते एकटे दुसऱ्या बाजूला. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. पण दीडशे वर्षांनी आपण सांगतो ती गोष्ट त्या एका विरोधी मताची. त्या वेळी कोणीतरी ते मत लिहून ठेवलं, म्हणूनच ती आपल्यापर्यंत पोचली.

“ठराव झालाय” म्हणजे काम झालंय का?

इथं थोडं थांबू, कारण सर्वांत जास्त फसगत इथंच होते.

आमच्या भागात नाल्यापलीकडे शाळा आहे. मुलांना मोठ्या रस्त्यानं वळसा घालून जावं लागतं. काही वर्षांपूर्वी चौकात फलक लागला: ‘पादचारी पुलाचा ठराव मंजूर’. फलकावर फोटो, अभिनंदन, फटाके. मग पावसाळे गेले, पूल काही उभा राहिला नाही. विचारलं की एकच उत्तर, “ठराव झालाय, होईल.”

एका सकाळी मी महापालिकेत नगरसचिव कार्यालयात गेलो. लांबट खोली, भिंतीला लोखंडी रॅक, त्यावर वर्षवार लाल कापडात बांधलेले गठ्ठे आणि जाड पुठ्ठ्याच्या वह्या. तिथल्या ताईंनी विचारलं, “ठराव क्रमांक? नाहीतर सभेची तारीख सांगा.” माझ्याकडे दोन्ही नव्हतं. मोबाईलमध्ये फलकाचा फोटो मात्र होता, त्यावरून महिना कळला. त्यांनी त्या वर्षाची सूची काढली, बोट फिरवत फिरवत विषय शोधला आणि वही उघडून माझ्यासमोर ठेवली. सहा ओळींचा ठराव. त्यातली मधली ओळ अशी की पादचारी पूल बांधण्यास ‘तत्त्वतः मान्यता’ देण्यात येत आहे, आणि खर्चाची तरतूद उपलब्ध झाल्यावर स्वतंत्र प्रस्ताव सादर करावा.

ताई म्हणाल्या, “यात पैसे नाहीत. पैशाचा ठराव वेगळा असतो. तो आलेलाच नाही.”

‘तत्त्वतः मान्यता’ म्हणजे कल्पना आम्हाला पसंत आहे. त्यानंतर अंदाजपत्रकात तरतूद, मग खर्चाला मान्यता, मग निविदा, मग स्थायी समितीची मंजुरी आणि मग कामाचा आदेश. आमचा पूल पहिल्या पायरीवर उभा होता आणि फलक शेवटच्या पायरीचा लागला होता. एवढं समजायला मला कोणाची ओळख लागली नाही. एक तास आणि एक वही पुरली.

ठराव आणि अंमल यांतलं हे अंतर किती जीवघेणं असू शकतं, ते महाराष्ट्रानं फार मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. 1923 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांच्या पुढाकारानं ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. ठराव वहीत होता, तळ्यावर नव्हता. तीन वर्षं तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले, तेव्हा त्या ठरावाला पहिल्यांदा पाय फुटले. आणि मग काय झालं? 4 ऑगस्ट 1927 ला त्याच नगरपालिकेनं आपला 1924 चा ठराव रद्द केला. हक्काची लढाई पुढं कोर्टात गेली आणि हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागायला 1937 उजाडलं.

मी जेव्हा जेव्हा ठरावाची वही पाहतो तेव्हा मला महाड आठवतं. एक ओळ लिहिली जाणं किती मोठं असतं, ती लिहूनही काहीच न घडणं किती सोपं असतं आणि ती खोडली जाणं किती भयंकर असतं, हे तिन्ही त्या एका तळ्याच्या काठी घडलं.

पण आयुक्त असताना वेगळे सचिव कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. आयुक्तांकडे एवढा मोठा कारभार आहे, त्यांचाच एखादा अधिकारी सभेची नोंद ठेवू शकत नाही का?

ठेवू शकतो, पण ठेवू नये. सभागृहाचं एक मुख्य काम आयुक्तांच्या कारभारावर नजर ठेवणं हे आहे. प्रशासनाला लेखी प्रश्न विचारायचा नगरसेवकांना अधिकार असतो आणि तो प्रश्न सात पूर्ण दिवस आधी नगरसचिवांकडे द्यावा लागतो. आयुक्तांना सभेत बोलता येतं, मत देता येत नाही आणि सूचनाही मांडता येत नाही. आता ज्यांना प्रश्न विचारायचा, प्रश्नांची पेटीही त्यांच्याच टेबलावर ठेवली तर कसं होईल? हाउसिंग सोसायटीत खजिनदारांच्या हिशोबावर शंका असेल तर सभेचं इतिवृत्त खजिनदारांकडेच लिहायला देत नाहीत. तसंच हे आहे. म्हणूनच कायद्यानं नगरसचिवांची नेमणूक सभागृहाच्या हाती ठेवली.

छोट्या गावात ही चैन परवडत नाही. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक, ज्यांना 2024 पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तेच कारभारही पाहतात आणि ग्रामसभेचं इतिवृत्तही लिहितात. ग्रामसभेत ‘आम्ही बोललो ते वहीत नाही’ अशी तक्रार इतक्या वेळा का होते, त्याचं एक कारण इथं आहे.

म्हणजे हे शेवटी लिहिणारे कारकूनच ना?

अमेरिकेत या पदाला सिटी क्लार्क म्हणतात, म्हणून हा गैरसमज वाढतो. आपल्याकडे क्लार्क म्हणजे लिपिक. नगरसचिवांच्या हाताखाली लिपिक असतात, ते स्वतः लिपिक नसतात. ते कायद्यानं निर्माण केलेले अधिकारी आहेत.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींना हे पद जास्त ओळखीचं असेल. तिथल्या प्रत्येक नगरपालिकेत म्युनिसिपल क्लार्क असतात. परिषदेचं इतिवृत्त, गावाचा शिक्का, सरकारी कागद मागणारे अर्ज हे सगळं त्यांच्याकडे, आणि त्याशिवाय निवडणुकीचं स्थानिक कामही. न्यूयॉर्क शहरात तर लग्नाचा परवानाही सिटी क्लार्कचं कार्यालयच देतं. आपल्याकडे निवडणुकीचं काम राज्य निवडणूक आयोगाचं आणि विवाह नोंदणी वेगळ्या विभागाची, त्यामुळे आपल्या नगरसचिवांचा पसारा तुलनेनं आटोपशीर आहे. मात्र महापौरांची निवडणूक आली की अर्ज त्यांच्याचकडे येतात. मुंबई सोडून इतर शहरांत त्या सभेचं अध्यक्षस्थान विभागीय आयुक्तांनी नेमलेला पीठासीन अधिकारी सांभाळतो, आणि सभेची सगळी मांडणी नगरसचिवांची. स्थायी समितीतले निम्मे सदस्य पहिल्या वर्षाअखेर चिठ्ठ्या टाकून निवृत्त होतात, तेव्हा सोळा नावांच्या चिठ्ठ्या सगळ्यांदेखत दाखवून, सारख्या घड्या घालून भांड्यात टाकायच्या, हेही त्यांचंच कार्यालय पाहतं. आठ जणांची खुर्ची त्या भांड्यात असते. घडी एकीची लहान आणि दुसरीची मोठी होऊन चालत नाही.

आता सगळ्याचं चित्रीकरण होतं, मग वही कशाला?

कॅमेरे आले हे फार चांगलं झालं. काही महापालिकांच्या सभा घरबसल्या पाहता येतात. पण सहा तासांच्या चित्रफितीत बोललेलं सगळं असतं आणि ठरलेलं शोधावं लागतं. कोर्ट विचारतं, ठराव दाखवा. बँक, ठेकेदार, लेखापरीक्षक, सगळे ठराव क्रमांक मागतात. चित्रफीत उपयोगी पडते ती इतिवृत्त तपासायला. वहीत ‘एकमताने मंजूर’ लिहिलं असेल आणि चित्रफितीत दहा जण विरोध करत असतील, तर दोन्ही शेजारी ठेवून दाखवता येतं. म्हणून मला दोन्ही हवंत.

ठराव बेकायदा असेल तर?

सभागृहानं काहीही ठरवलं तरी चालतं असं नाही. कायद्याविरुद्ध किंवा लोकहिताविरुद्ध ठराव झाला तर आयुक्त राज्य सरकारकडे अहवाल पाठवू शकतात. सरकार आधी ठराव निलंबित करू शकतं आणि नंतर विखंडित करू शकतं. विखंडित म्हणजे कायमचा रद्द. बातमीत ‘ठराव विखंडनासाठी पाठवला’ असं वाचलंत तर एवढंच समजायचं.

नगरसचिवांना मात्र ठराव अडवता येत नाही. हा नियमात बसत नाही, असं सांगता येतं, लेखी टिपण देता येतं. त्यापुढे निर्णय अध्यक्षस्थानी असलेल्यांचा आणि सभागृहाचा. काही लोकांना ही त्रुटी वाटते. मला वाटत नाही. निवडून न आलेल्या अधिकाऱ्याच्या हातात निवडून आलेल्यांचा निर्णय रोखायची किल्ली असू नये. त्यांच्याकडून एकच अपेक्षा ठेवावी: जे झालं ते जसंच्या तसं लिहा.

दबाव येत नसेल का?

येतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ठराव सभेत एका शब्दांत झाला आणि वहीत दुसऱ्या शब्दांत उतरला, उपसूचना नंतर घुसवली, इतिवृत्त महिनोन्महिने तयारच झालं नाही, असे आरोप वेगवेगळ्या शहरांत वेळोवेळी झाले आहेत. अनेक ठिकाणी हे पद पूर्णवेळ भरलेलंच नसतं. दुसऱ्याच खात्याच्या अधिकाऱ्याकडे ‘अतिरिक्त पदभार’ दिलेला असतो. प्रभारी माणसानं सभागृहात उभं राहून सत्ताधाऱ्यांना नियम ऐकवणं किती अवघड असेल, याचा विचार करा. आपण रिकाम्या अभियंत्यांच्या, डॉक्टरांच्या जागांबद्दल बोलतो ते योग्यच आहे. त्याच यादीत नगरसचिवांची जागाही धरायला हवी.

प्रशासकांच्या काळानं आणखी एक गोष्ट दाखवली. सभागृह नव्हतं तेव्हा त्याचे आणि स्थायी समितीचे अधिकार प्रशासकांकडे, म्हणजे आयुक्तांकडेच, होते. प्रस्ताव आयुक्त म्हणून पाठवायचा आणि प्रशासक म्हणून मंजूर करायचा. ठराव होत राहिले, त्यांना क्रमांकही मिळत राहिले. पण त्या काळातले ठराव वाचले तर त्यांत सूचक नाही, उपसूचना नाही, पोल नाही, विरोधात एकही नाव नाही. वही भरत होती, पण तिच्यातला आवाज गेला होता. आता सभागृहं पुन्हा बसली आहेत, तर त्या वह्यांतली भांडणंही परत यावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तुम्हाला हे कागद पाहता येतात का?

हो. इतिवृत्ताचं पुस्तक नगरसेवकांना विनाशुल्क आणि इतर कोणालाही ठरलेलं शुल्क भरून पाहता येईल, असं कायद्यातच लिहिलं आहे. अनेक महापालिका विषयपत्रिका आणि ठराव संकेतस्थळावर टाकतात. तिथं मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा 2005 चा कायदा आहेच. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत, आणि नुसती प्रत मागण्याऐवजी कागद समोर बसून पाहायचीही मागणी करता येते. अर्जात ‘पुलाबाबत सर्व माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. सभेचा महिना, विषय आणि माहीत असल्यास ठराव क्रमांक लिहा. ठराव हातात आला की नेमकं काय ठरलं ती ओळ आधी वाचा. ‘तत्त्वतः मान्यता’, ‘आर्थिक व प्रशासकीय मान्यता’, ‘दप्तरी दाखल’, ‘पुढील सभेपर्यंत तहकूब’ यांपैकी काय आहे, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

आमच्या पुलाचं म्हणाल तर निवडणुकीनंतर आम्ही गल्लीतली आठ-दहा माणसं नव्या नगरसेविकाबाईंकडे गेलो. जुन्या ठरावाची प्रत आणि त्यातली ती मधली ओळ त्यांना दाखवली. त्यांनी फलक लावायचं कबूल केलं नाही, लेखी प्रश्न द्यायचं कबूल केलं: तत्त्वतः मान्यतेनंतर खर्चाचा प्रस्ताव कोणत्या तारखेला तयार झाला, झाला नसल्यास कारण काय? प्रश्न नगरसचिव कार्यालयात दिला त्या दिवशी मीही सोबत होतो. त्याच ताई होत्या. त्यांनी अर्ज वाचला, आवक क्रमांक टाकला, तारखेचा शिक्का मारला, पोच बाईंच्या हातात दिली आणि दुसऱ्या वहीत ओळ आखून लिहायला लागल्या.